हातीं सोनें, नांव कथील

‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें नांव मोठें आणि लक्षण खोटें अशींच माणसें असलीं पाहिजेत. अशा सोनूबाई जगांत पुष्कळ असल्यामुळें ह्या म्हणीस कामाची वाण कधींच पडली नाहीं. परंतु हिच्या उलट प्रकारहि जगांत घडतो, आणि त्यासाठीं आमच्या भाषेंत म्हण नाहीं. हातांत खऱ्या सोन्याचा वाळा आहे, घडविणारा कसबी आहे, आणि जो मागेल त्यास तो विनामूल्य देण्यास सिद्ध आहे. पण त्या वाळ्याचें नांव दुसऱ्यास सांगावयाची वेळ आली कीं सांगणाराची जीभ अडखळते. असा वाळा घरोघर जाईल, कीं सोनाराच्या पेढीवरच पडून राहील? प्रस्तुत लेखांत ज्या नांवाची आम्ही चिकित्सा करणार आहों तें ह्याच जातीचें आहे.

संगणकावर छायाचित्रें सुधारण्याचें, चित्रें रंगविण्याचें व जुळविण्याचें ‘गिम्प’ नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. तें मुक्तस्रोत वर्गांत मोडतें. म्हणजे ज्या आज्ञांनीं तें चालतें त्या आज्ञा कोणासहि वाचतां येतात, बदलतां येतात, आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देतां येते. दाम तर द्यावा लागतच नाहीं. इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं तें लिहावयास घेतलें आणि १९९६ च्या आरंभीं लोकांपुढें ठेविलें. तेव्हांपासून जगांतील अनेक स्वयंसेवकांनीं त्यावर श्रम केले असून मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति बाहेर पडली आहे.

ह्या वाळ्याचें सोनें खरें आहे किंवा नाहीं ह्याची शंका कोणास येऊं नये म्हणून दोनच गोष्टी सांगतों. सॉफ्टवेअरच्या खिडक्या व बटणें पडद्यावर उमटविण्यासाठीं ह्या विद्यार्थ्यांनीं प्रथम ‘मोटिफ’ नांवाचें दुसऱ्याच्या मालकीचें साधन वापरलें. तें मुक्त नव्हतें; म्हणून मॅटिस ह्यांनीं स्वतःचें नवें साधन घडविलें. ‘जीटीके’ ह्या नांवानें तें पुढें इतकें वाढलें कीं, १९९७ मध्यें सुरू झालेली ‘ग्नोम’ ही लिनक्सवरील सबंध पडदा-व्यवस्था त्याच पायावर उभारली गेली. दुसरी गोष्ट चित्राची. लिनक्सचें बोधचिन्ह म्हणून जो गुबगुबीत पेंग्विन जगभर ओळखला जातो, तो लॅरी यूइंग ह्यांनीं १९९६ मध्यें ह्याच सॉफ्टवेअरच्या साह्यानें काढला. येथें एक गंमत वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. ‘जीटीके’ ह्या तीन अक्षरांपैकीं पहिलें अक्षर मूळचें ‘गिम्प’चेंच आहे. बापाचें नांव पोटांत घेऊनहि मुलगा चारचौघांत उजळ माथ्यानें हिंडला. कारण त्या नांवाचें एकच अक्षर बाहेर दिसत होतें!

आतां नांवाकडे वळूं. तें कसें पडलें ह्याची हकीकत मॅटिस ह्यांनींच सांगितलेली आहे. प्रतिमांवर संस्कार करणारें साधन, ह्या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेतलीं तर ‘इम्प’ असा शब्द होत होता. तो कर्त्यांना रुचला नाहीं. त्या सुमारास क्वेंटिन टॅरँटिनो ह्यांचा ‘पल्प फिक्शन’ हा १९९४ चा चित्रपट तरुणांच्या तोंडीं होता. त्यांत चामड्याचा पोशाख व मुखवटा चढवून तळघरांतल्या पेटींत कोंडून ठेवलेला एक मूक इसम आहे. त्यास तेथें ‘गिम्प’ म्हणतात. तो शब्द आठवला, ‘इम्प’च्या आरंभीं एक अक्षर जोडलें गेलें, आणि त्या अक्षराचा अर्थ काय करावयाचा हें मागाहून ठरलें. प्रथम त्याचा अर्थ ‘जनरल’ असा झाला. पुढें १९९७ मध्यें, रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या ‘ग्नू’ ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमाशीं नातें जुळल्यावर, त्याचा अर्थ ‘ग्नू’ असा झाला. म्हणजे अर्थास अनुसरून नांव निघालें नाहीं. थट्टा आधीं आली आणि अर्थ तिला मागून चिकटविला गेला. विशींतल्या दोघां विद्यार्थ्यांनीं खोलींत बसून केलेल्या ह्या थट्टेबद्दल त्यांस कोणीं नांवें ठेवावीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्या खोलीबाहेर ही वस्तु जाईल, शाळेंत आणि कचेरींत मागितली जाईल, हें त्यांस त्या दिवशीं कोठून दिसावें?

परंतु वस्तु खोलीबाहेर गेली कीं तिचें नांवहि टीकेच्या कक्षेंत येतें. आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं नांवाचा विचार क्षुल्लक मानलेला नाहीं. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र ह्यानें ‘औचित्यविचारचर्चा’ ह्या ग्रंथांत औचित्याचीं जीं स्थानें सांगितलीं आहेत, त्यांत ‘नाम’ हें एक स्वतंत्र स्थान आहे. त्याच शतकांतील मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त पदाचे दोष मोजले आहेत. दोन अर्थांचा शब्द अप्रसिद्ध अर्थानें योजिला तर तो ‘निहतार्थ’. एखाद्या शास्त्राच्या जाणत्यांसच कळणारा शब्द योजिला तर तो ‘अप्रतीत’. आणि ज्यामुळें लाज, किळस वा अमंगलाची भावना उपजते तो ‘अश्लील’. कवितेसाठीं घडविलेली ही कसोटी संगणकाच्या वस्तूस लावणें कोणास विचित्र वाटेल. पण शब्द हा शब्दच आहे, आणि तो कानावर पडल्यावर काय करतो ह्याचा नियम सर्वत्र एकच असतो.

इंग्रजी भाषेंत ‘गिम्प’ ह्या शब्दाचा एक जुना अर्थ निरुपद्रवी आहे: कपड्याच्या किंवा खुर्चीच्या कडेस लावावयाचा गोफ. पण तो अर्थ शिंप्याच्या व गादीवाल्याच्या दुकानाबाहेर फारसा कोणास ठाऊक नाहीं. दुसरा अर्थ पायानें अधू असलेल्या माणसास हिणवून मारावयाची हांक असा आहे. तिसरा अर्थ त्या चित्रपटानें सर्वतोमुखीं केला. त्याचा अधिक विस्तार कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करण्याची आवश्यकता नाहीं. आद्याक्षरांचा जो चौथा अर्थ तो कर्त्यांचा. पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनांत तो पोहोंचण्यापूर्वीं दुसरा आणि तिसरा दार अडवून उभे असतात. निहतार्थाचें ह्याहून स्वच्छ उदाहरण मम्मटासहि मिळालें नसतें! शिवाय लाज उपजविण्याचा दोष आहेच. आणि ‘ग्नू’ ह्या शब्दाची फोड ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ अशी, स्वतःच्याच पोटांत स्वतःस घेणारी, असल्यामुळें पूर्ण नांव सांगून सुटूं म्हटलें तर तें अप्रतीत ठरतें. आखूड नांव लाजवितें आणि लांब नांव कळत नाहीं, अशी ही कोंडी आहे.

मराठी कानास ह्या शब्दांत कांहींच बोंचत नाहीं, हें आम्ही कबूल करतों. पण दुसऱ्याचें दुःख कळण्यासाठीं तें क्षणभर आपल्या भाषेंत आणून पाहावें लागतें. समजा, कोणीं चित्रें काढण्याचें उत्कृष्ट साधन मराठींत निर्माण केलें आणि त्याचें नांव ‘लंगड्या’ असें ठेविलें. वर्गांत गुरुजी म्हणतात, ‘मुलांनो, आतां लंगड्या उघडा.’ सर्व वर्ग हंसतो. आणि तिसऱ्या बांकावर कुबडी टेकून बसलेला एक मुलगा हंसत नाहीं. त्याच्यासाठीं त्या साधनाची किंमत शून्य रुपये नाहीं. ती तो रोज देतो.

येथवर झाला तो नांवाच्या दोषाचा विचार. आतां मुख्य प्रश्न असा कीं, वाईट नांवाचा उपद्रव मुक्त सॉफ्टवेअरलाच विशेष कां व्हावा? आमचें उत्तर असें कीं, बाजारी वस्तु आणि मुक्त वस्तु ह्यांच्या प्रसाराचे मार्गच भिन्न आहेत. अडोबी कंपनीनें १९९० मध्यें ‘फोटोशॉप’ बाजारांत आणलें. नांव ऐकतांच काम कळतें; ती त्यांची हुशारी. पण समजा नांव वाईट असतें, तरी त्यामागें विक्रेते होते, जाहिराती होत्या आणि पगारी माणसें होतीं. वाईट नांवाचें ओझें उचलण्यासाठीं त्या माणसांना वेतन मिळालें असतें. मुक्त सॉफ्टवेअरला हमाल नाहीं. ज्यानें वापरून पाहिलें आणि ज्यास आवडलें तो दुसऱ्यास सांगतो. दुसरा तिसऱ्यास सांगतो. हीच त्याची जाहिरात आणि हेंच त्याचें दुकान. अशा वस्तूचें नांव म्हणजे गोणीवर चिकटविलेली चिठ्ठी नव्हे. तो तिच्या प्रसाराचा एकमेव रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर येथें कांटे पसरले आहेत.

शिवाय शिफारस करणारा मनुष्य कांहींतरी गहाण ठेवीत असतो. इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या गांवांतील शिक्षक मुख्याध्यापकापुढें जातो आणि म्हणतो कीं, मुलांसाठीं महागडें सॉफ्टवेअर घेण्याचें कारण नाहीं, फुकट व उत्तम असें एक उपलब्ध आहे. ‘काय नांव त्याचें?’ हा पहिलाच प्रश्न येतो. तेथें त्यास थांबावें लागतें. हंसून घ्यावें लागतें. ‘नांवाकडे पाहूं नका’ असें म्हणावें लागतें. आणि आद्याक्षरांची फोड करून सांगावी लागते. गुणांची बाजू मांडण्यापूर्वींच वकिलास अशिलाच्या नांवाबद्दल माफी मागावी लागली, तर खटल्याचा अर्धा निकाल तेथेंच लागला म्हणावयाचा. ग्रंथपाल असो, कचेरींतील कारकून असो किंवा पालकसभेंत उभी राहिलेली आई असो, सर्वांची अडचण हीच. ज्याच्या स्वभावांत धिटाई आहे तो बोलेल; भिडस्त मनुष्य मनांतच म्हणेल कीं, ह्या फंदांत आपण कशाला पडा? आणि तो गप्प बसेल.

हें गप्प बसणेंच सर्वांत घातक आहे. कारण तें दिसत नाहीं. जी सूचना मांडलीच गेली नाहीं ती फेटाळल्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं. सॉफ्टवेअर करणारांस भेटतात ते नांवाचा उंबरठा ओलांडून आंत आलेले लोक. साहजिकच त्यांची समजूत होते कीं उंबरठा कोणास अडवीतच नाहीं. जे बाहेरून परत गेले त्यांची तक्रार ऐकावयास दाराशीं कोणी बसलेलें नसतें. आणि परत जाणारांत बहुधा तेच अधिक असतात ज्यांच्यासाठीं ही वस्तु विनामूल्य ठेवलेली आहे: गरीब शाळा, लहान छापखाना, हौशी मुलगी. श्रीमंत गिऱ्हाइकाचें कांहीं अडत नाहीं. तें फोटोशॉप विकत घेतें. ज्यास विकत घेणें परवडत नाहीं तो एक तर चोरट्या प्रतीकडे वळतो, किंवा विद्या सोडून देतो.

ह्यावर एक सबळ आक्षेप निघतो आणि त्यास बगल देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेपक म्हणेल, नांवानें जर वस्तु बुडत असेल तर ‘गिट’ कसें तरलें? लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यांनीं २००५ मध्यें संहितेच्या बदलांची नोंद ठेवणारें हें साधन निर्माण केलें. इंग्लंडांत ‘गिट’ म्हणजे नकोसा, मूर्ख मनुष्य. आपण आपल्या कृतींना आपलेंच नांव देतों, अशी थट्टाहि त्यांनीं स्वतःवर करून घेतली. तरी तें साधन जगांतील प्रोग्रॅमरांच्या रोजच्या हातवळणींत जाऊन बसलें. ध्वनीची संकुचित प्रत करणारें ‘लेम’ नांवाचें १९९८ पासूनचें दुसरें एक मुक्त साधन घ्या. त्याच्या नांवाचा सरळ अर्थच ‘लंगडा’. तेंहि असंख्य संगणकांत चालत आलें आहे.

आम्हांस हीं उदाहरणें आमच्या मताचा बाध करणारीं वाटत नाहींत. तीं त्याची मर्यादा आंखून देतात. ‘गिट’ हा शब्द एक प्रोग्रॅमर दुसऱ्या प्रोग्रॅमराशीं उच्चारतो. त्या बिरादरींत असली थट्टा हा ओळखीचा संकेत आहे; तिनें कोणाची अब्रू जात नाहीं, उलट मैत्री वाढते. ‘लेम’ तर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटांत लपून काम करतें; गाणें ऐकणारास त्याचें नांव घ्यावें लागत नाहीं. म्हणजे नांवाचा उपद्रव नांवाच्या वाईटपणावरच अवलंबून नसतो. तें नांव कोणीं, कोणापुढें आणि किती वेळां उच्चारावें लागतें ह्यावर तो अवलंबून असतो. सुताराच्या करवतीस त्यानें कांहींहि नांव द्यावें. घरोघर पोहोंचवावयाच्या पाटीस तें देऊन चालणार नाहीं. चित्रें सुधारण्याचें साधन ही पाटी आहे. तें मुलांनीं, छायाचित्रकारांनीं, शिक्षकांनीं आणि कचेरींतल्या माणसांनीं वापरावयाचें आहे. आणि ह्या मंडळींनीं प्रोग्रॅमरांच्या थट्टेची दीक्षा घेतलेली नाहीं.

आणखी एका गोष्टींत न्याय केला पाहिजे. गिम्पचा प्रसार जितका व्हावयास हवा होता तितका झाला नाहीं ह्याचा सर्व दोष नांवाच्या माथीं मारणें बरोबर नव्हे. त्याच्या खिडक्या पडद्यावर सुट्या विखुरलेल्या असत आणि नवख्याची तारांबळ उडे. सर्व एकाच खिडकींत बसविण्याची सोय २०१२ च्या आवृत्तींत झाली. छापखान्याच्या चार शाईंच्या रंगपद्धतीस त्याचा पाठिंबा दीर्घकाळ तोकडा होता. केलेला बदल मूळ चित्रास धक्का न लावतां मागाहून पुन्हां सुधारतां यावा, ही फोटोशॉपमध्यें जुनी झालेली सोय गिम्पमध्यें तिसऱ्या आवृत्तीबरोबर नीट आली. हीं न्यूनें खरींच. परंतु न्यून दूर करावयास वर्षें लागतात आणि कुशल माणसें लागतात. तीं माणसें वापरणारांतूनच निपजतात. दारांतून माणसें कमी आलीं तर कारागीरहि कमी मिळतात. त्यामुळें नांव आणि गुण हे दोन हिशेब अगदींच वेगळे नाहींत. एकाची तूट दुसऱ्याच्या खात्यांत चढत जाते.

कर्त्यांची बाजू काय आहे? नांव बदलण्याची मागणी वारंवार झाल्यावर त्यांनीं उत्तर दिलें तें थोडक्यांत असें: हें नांव वीस वर्षांहून अधिक काळ चालत आलें आहे आणि सर्वत्र परिचित आहे, भाषा धुऊन-पुसून निर्जंतुक करण्यानें अखेर हितापेक्षां अहितच होईल, ज्यास नांव खुपतें त्यानें लांब नांव वापरावें, अथवा दुसऱ्या नांवानें आपली वेगळी प्रत काढावी. ह्यांतील पहिला मुद्दा वजनदार आहे. रूढ नांव टाकण्यास खर्च येतो. परंतु तो खर्च न पेलण्याइतका आहे काय? ‘फायरफॉक्स’ हें जगप्रसिद्ध सॉफ्टवेअर २००२ मध्यें ‘फीनिक्स’ होतें, २००३ मध्यें ‘फायरबर्ड’ झालें आणि २००४ मध्यें ‘फायरफॉक्स’. दोन्ही वेळां तेंच नांव दुसऱ्यांचें निघाल्यामुळें बदलणें भाग पडलें, आणि तरी त्याची चढती कमान थांबली नाहीं. जाळ्यावरील वाहतूक तपासणारें ‘इथीरियल’ हें साधन आठ वर्षें त्या नांवानें चालल्यावर २००६ मध्यें ‘वायरशार्क’ झालें आणि नव्या नांवानेंच वाढलें. दुसऱ्या मुद्द्याविषयीं एवढेंच म्हणतों कीं, कादंबरींतील पात्राच्या तोंडचा शिवराळ शब्द खोडणें ही भाषेची हत्या होय. पण पाटीवरचें नांव विवेकानें निवडणें ही हत्या नव्हे. कादंबरी वाचावयाची कीं नाहीं हें वाचक ठरवितो. शाळेंतल्या संगणकावर काय असावें हें मुलगा ठरवीत नाहीं.

राहिला तिसरा मुद्दा, दुसरी प्रत काढण्याचा. हें आव्हान कांहीं जणांनीं खरोखरच स्वीकारलें. २०१९ मध्यें गिम्पच्याच संहितेवरून ‘ग्लिम्प्स’ नांवाची शाखा निघाली; शाळा व कचेऱ्या ह्यांस निःसंकोच वापरतां यावें हा तिचा उघड हेतु होता. नांव गोड होतें: ग्लिम्प्स म्हणजे ओझरतें दर्शन. दोन वर्षांत तिच्या आवृत्त्याहि निघाल्या. परंतु काम करणारे हात पुरेसे मिळाले नाहींत आणि मे २०२१ मध्यें शाखा बंद झाली. नांवांत कांहीं नसतें ह्याचा हा पुरावा आहे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. आमच्या मतें ह्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, नुसत्या नांवानें वस्तु जगत नाहीं. सोनूबाईच्या म्हणीचा अर्थ तरी दुसरा काय आहे? नांव बदलून घर सोडलें, पण कारागीर जुन्याच घरांत राहिले. ह्याच्या उलट, रेषाचित्रें काढण्याचें ‘सोडिपोडी’ नांवाचें एक सॉफ्टवेअर होतें. एस्टोनियातील बालभाषेंत त्याचा अर्थ कालवाकालव. २००३ मध्यें चार कारागीर त्यांतून फुटून बाहेर पडले. फुटण्याचें कारण नांव नव्हतें, मतभेद कामाच्या रीतीविषयीं होते. पण त्यांनीं ‘इंकस्केप’ असें सुबोध नांव घेतलें आणि स्वतः श्रमहि केले. इंकस्केप फळास आलें आणि सोडिपोडीचें काम थांबलें. नांव हें बीं पेरण्याचें भोंक आहे. बीं आणि पाणी निराळें लागतें.

नांव कसें बदलावें ह्याचा वस्तुपाठ फ्रान्सनें घालून दिला आहे. गणिताची सिद्धता पायरीपायरीनें तपासून ती निर्दोष आहे कीं नाहीं हें सांगणारें एक मुक्त साधन तेथील इन्रिया ह्या संशोधनसंस्थेंत १९८४ पासून घडत आलें. जेरार युए व तिएरी कोकाँ हे त्याचे आद्य कर्ते. शेजारशेजारच्या प्रदेशांस वेगळे रंग देण्यास चार रंग पुरतात, हा गणितांतील प्रसिद्ध सिद्धांत जॉर्ज गोंतिए ह्यांनीं २००५ मध्यें त्याच्याच साह्यानें तपासून घेतला. २०१३ मध्यें त्यास संगणकशास्त्रांतील मानाचें पारितोषिकहि मिळालें. नांव होतें ‘कॉक’. फ्रेंच भाषेंत ह्याचा अर्थ कोंबडा. त्यांत कोकाँ ह्यांच्या आडनांवाची छटाहि होती. नांव सहेतुक होतें, रसिक होतें, आणि स्वदेशीं निष्कलंक होतें. पण तें इंग्रजी कानावर पडलें कीं पुरुषाच्या गुह्य इंद्रियाचा बाजारी शब्द होई. परिषदेंत आपला विषय सांगतांना, विशेषतः तरुण विदुषींना, अवघड हंसें व आचरट शेरे सोसावे लागत. कर्त्यांचा कांहीं अपराध नव्हता. उलट त्यांना म्हणतां आलें असतें कीं, आमच्या भाषेंतला कोंबडा आम्ही तुमच्या ग्राम्यतेसाठीं कां मारावा? तें त्यांनीं म्हटलें नाहीं. खुली चर्चा झाली, २०२३ मध्यें निर्णय जाहीर झाला, आणि २०२५ मध्यें नवव्या आवृत्तीबरोबर ‘रॉक’ हें नांव प्रत्यक्षांत आलें. त्यांत रोकाँकूर ह्या जन्मगांवाची आठवण आहे आणि अरबी कथांतल्या अजस्र रॉक पक्ष्याचीहि. कोंबडा गेला, पक्षी राहिला. परंपरा तुटली नाहीं आणि विदुषींची मान खालीं जाण्याचें कारणहि उरलें नाहीं. आणि हें सर्व घरच्याच माणसांनीं केलें. ग्लिम्प्समध्यें जें उणें होतें तें हेंच.

प्रोग्रॅमरांच्या ह्या स्वतःस हिणविणाऱ्या नांवांकडे पाहतां आम्हांस आपल्याकडील एक जुनी चाल आठवते. मुलें वांचत नसत तेव्हां दृष्ट लागूं नये म्हणून आईबाप मुलास दगडू, धोंडू, केरू असें नांव ठेवीत. माझ्या लेंकरांत हेवा करण्यासारखें कांहीं नाहीं, असें देवास वा काळास सांगण्याची ती युक्ति होती. नव्या सॉफ्टवेअरला ‘लंगडें’ किंवा ‘मूर्ख’ म्हणणारा तरुणहि नकळत तेंच करतो: तुम्ही हंसण्यापूर्वीं मीच हंसून घेतों. धोंडूच्या नांवामागें प्रेम होतें, म्हणून तें नांव सुसह्य झालें. पण ह्याच चालीची काळी बाजू ‘नकुशी’ ह्या नांवांत दिसते. मुलगी नको असतां झाली हें तिच्या नांवांतच कोरलें गेलें, आणि शाळेच्या हजेरींत रोज सकाळीं तें तिला ऐकावें लागलें. ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत अशा दोनशेंहून अधिक मुलींचें समारंभपूर्वक पुन्हां नामकरण झालें. ‘इतकीं वर्षें चाललें, सर्वांस परिचित आहे,’ हा युक्तिवाद तेथेंहि करतां आला असता. कोणीं केला नाहीं, हें आमच्या समाजास भूषणावह आहे. नांव ठेवणाराच्या मनांत काय होतें ह्यापेक्षां तें धारण करणाराला व ऐकणाराला काय होतें, हें मोठें मानलें गेलें.

ह्या चळवळीनें नांवाचा चटका स्वतःहि सोसलेला आहे. इंग्रजींत तिचें आद्य नांव ‘फ्री सॉफ्टवेअर’. तेथील ‘फ्री’ शब्द स्वतंत्र आणि फुकट असे दोन्ही अर्थ देतो. त्यामुळें स्वातंत्र्याची गोष्ट सांगावयास जावें आणि ऐकणारानें फुकटेगिरी समजावी असें होऊं लागलें. हा संदिग्धतेचा दोष टाळण्यासाठींच १९९८ मध्यें ‘ओपन सोर्स’ हा दुसरा शब्द काढण्यांत आला. आमच्या भाषेचें भाग्य असें कीं, तिला हा खटाटोप करावा लागत नाहीं. ‘मुक्त’ निराळें आणि ‘फुकट’ निराळें, हें मराठी मूलहि जाणतें. ज्या चळवळीनें आपल्या सबंध पंथाचें नांव कानाला नीट लागावें म्हणून एवढा विचार केला, तिनेंच आपल्या एका उत्तम अपत्याचें नांव थट्टेवर सोडून द्यावें, हा विसंवाद आम्हांस खटकतो.

तात्पर्य, आमचा निर्णय असा आहे. गिम्पच्या कर्त्यांनीं स्वखुषीनें आणि सावकाश दुसरें नांव निवडावें. पुढें जे तरुण असली उपकारक वस्तु निर्माण करतील त्यांनीं नांव ठेवण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. मित्रांच्या खोलींत तें कसें वाटतें हें पाहूं नये. एखाद्या भिडस्त शिक्षिकेनें पालकसभेंत उभें राहून तें मोठ्यानें उच्चारलें तर कसें वाटेल हें पाहावें. ज्यानें वस्तूची किंमत घेतली नाहीं त्याच्या औदार्याबद्दल आम्हांस आदरच आहे. पण दान देतांना हात जसा स्वच्छ असावा तसा शब्दहि असावा. कारण घेणारास तो हात एकदांच दिसतो, आणि शब्द मात्र त्याला पुढें दहा जणांपुढें घ्यावा लागतो.